जुन्या-नव्याचा सांधा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव एका लहानशा आगगाडीमुळे अनेक वर्षे ओळखले जाई. मूर्तिजापूर ते यवतमाळ ह्या अरुंद लोहमार्गावरून ती कारंज्यास येई. लोक तिला कौतुकाने ‘शकुंतला’ म्हणत. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेल्या वाफेच्या एंजिनाने सत्तर वर्षांच्या आसपास ह्या मार्गाची सेवा केली. १९९४ साली ते निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेलचे एंजिन आले. नव्या एंजिनास ना कोळसा लागे, ना घडोघडी पाणी. परंतु खालचा मार्ग जुनाच होता. त्यामुळे एंजिन बदलले, तरी शकुंतलेची चाल काही मेलगाडीसारखी झाली नाही. पुढे ती गाडीही बंद पडली.

वाशीम शहरावरून जाणाऱ्या अकोला-पूर्णा लोहमार्गाची कथा निराळी आहे. हा मार्ग पूर्वी एक मीटर रुंदीचा होता. अकोल्यास त्याला मिळणारा मुंबई-हावडा मार्ग मात्र १,६७६ मिलिमीटर रुंदीचा. एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर जाऊच शकत नसे. २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला. तेव्हा नुसती एंजिने बदलून भागले नाही. रूळ, रुळांखालचे स्लीपर, गाडीची वाट बदलणारे सांधे हे सारेच नव्या मापाचे करावे लागले.

ह्या दोन मार्गांपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यंत्राचा एखादा भाग नवा बसवला, म्हणजे तो भाग ज्या ज्या जुन्या भागांना जाऊन भिडतो, त्या सर्वांचा विचार करावा लागतो. नवा भाग उत्तम असेल, जुने भागही धडधाकट असतील. तरीही जेथे दोहोंची गाठ पडते, तेथे बिघाड उत्पन्न होऊ शकतो. जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवताना हाच अनुभव पुष्कळांना येतो.

गावोगावच्या शाळांत, कार्यालयांत आणि घरांत दहा-पंधरा वर्षांचे संगणक अजून आढळतात. काळाच्या ओघात ते मंद होतात. सुरू व्हावयास पाच-पाच मिनिटे लागतात. एखादे चित्र उघडावे, तर वाट पाहून जीव कंटाळतो. नवा संगणक घेण्याइतका पैसा प्रत्येकाजवळ नसतो. अशा वेळी जाणते लोक सल्ला देतात, “संगणक टाकू नका, फक्त त्याची हार्ड डिस्क बदला.” हा सल्ला बहुधा योग्यच असतो. पण कधी कधी डिस्क बदलल्यानंतर संगणक चमत्कारिक वागू लागतो. काम चालू असता तो मध्येच थिजतो, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, नाही तर निळा पडदा दाखवून स्तब्ध बसतो. मग एक जण म्हणतो, “नवी डिस्कच खोटी निघाली.” दुसरा म्हणतो, “हे जुने धूड आता भंगारात घाला.” दोन्ही निर्णय घाईचे आहेत. खरे कारण शोधावयाचे, तर आधी ह्या यंत्राची अंतर्गत रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. शाळेतील मुलाचे बाक आणि वर्गातील कपाट डोळ्यांसमोर आणावे. ज्या पुस्तकाचे काम चालू आहे, ते बाकावर असते. बाकीची पुस्तके कपाटात असतात. शाळा सुटली की बाक रिकामे होते, कपाट मात्र भरलेलेच राहते. संगणकातील रॅम म्हणजे हे बाक. वीज गेली की रॅममधील सारे पुसले जाते. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. वीज असो वा नसो, तिच्यातील माहिती टिकून राहते.

हे कपाट आज मुठीत मावते. पण आरंभी तसे नव्हते. १९५६ साली आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणीच्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि इतका खटाटोप करून त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान होत गेल्या आणि त्यांवर मावणारी माहिती वाढत गेली. घरगुती संगणकातील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिच्या पृष्ठभागावरून, तिला स्पर्श न करता, एक चिमुकले शीर्ष फिरत असते आणि चुंबकीय खुणांच्या रूपाने माहिती लिहिते वा वाचते. अलीकडे तबकडी नसलेली डिस्कही मिळू लागली आहे. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारा कोणताही भाग नसतो. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म चकत्यांत साठते. शीर्ष इकडून तिकडे सरकण्यात जो वेळ जाई, तो वाचल्यामुळे जुना संगणकही हिच्या साहाय्याने तरतरीत होतो.

संगणक सुरू होतो तेव्हा काय काय घडते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बटण दाबताच प्रथम जागी होते ती ‘बायोस’ नावाची छोटी आज्ञावली. ती मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, साठवलेली असते. रॅम आहे ना, कळफलक आहे ना, हार्ड डिस्क जोडलेली आहे ना, अशी ती हजेरी घेते. हजेरी झाली की ती हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागातील सूचना वाचते. त्या सूचनांच्या आधारे विंडोज किंवा लिनक्स ह्यांसारखी संचालन प्रणाली रॅममध्ये येते आणि पुढील कारभार हाती घेते. संगणक कोणत्या पायरीवर अडखळतो, हे नीट पाहिले की अर्धे निदान झाले म्हणून समजावे. डिस्कचे नाव हजेरीतच नसेल, तर केबल किंवा वीजपुरवठा ह्यांकडे पाहावे. नाव आहे, पण संचालन प्रणाली येतच नाही, तर मांडणीतील विसंगतीचा संशय घ्यावा. प्रणाली येते, पण तासाभराने सारे थिजते, तर उष्णता, रॅम, वीज किंवा डिस्कवरील खराब जागा ह्यांचा विचार करावा.

डिस्क बदलल्यानंतर येणाऱ्या अडचणींची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण अगदी साधे, आणि म्हणूनच दुर्लक्षिले जाणारे असते. डिस्कला दोन केबली लागतात. एक विजेची आणि दुसरी माहितीची. पूर्वी माहितीची केबल रुंद, चपट्या पट्टीसारखी असे. २००३ च्या सुमारास ‘साटा’ नावाची बारीक केबल प्रचारात आली. वर्षानुवर्षे एका जागी राहिलेली केबल हलवली की तिची पकड सैल होते; तिच्या टोकाशी धूळ साचलेली असते. वरून ती बसल्यासारखी दिसते, पण पंख्याच्या थरथरीने क्षणभर सुटते आणि संगणक थिजतो. शिवाय डिस्क बसवताना हात लागून रॅमची पट्टीही खाचेतून किंचित वर आलेली असू शकते. दोष कशाचा म्हणावा? डिस्क निर्दोष, संगणक निर्दोष. केवळ मधला सांधा सैल!

ह्या साटा केबलीच्याही पिढ्या आहेत. पहिल्या पिढीच्या मार्गावरून सेकंदाला जास्तीत जास्त १५० मेगाबाइट, दुसरीवरून ३०० आणि तिसरीवरून ६०० मेगाबाइट माहिती जाऊ शकते. नवी एसएसडी जुन्या संगणकाला जोडली, तर सामान्यतः दोघे मिळून खालच्या वेगावर तडजोड करतात. ह्यात बिघाड नाही. शकुंतलेच्या नव्या एंजिनाने जुन्या मार्गाची चाल पत्करली, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण पत्त्याचे आहे. डिस्कवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. पुष्कळ काळपर्यंत एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट माहिती ठेवण्याची रीत होती. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. जुन्या संगणकांत हा क्रमांक लिहिण्यासाठी शून्य आणि एक ह्यांचे २८ अंकच राखून ठेवलेले होते. २८ अंकांत २६,८४,३५,४५६ निरनिराळे क्रमांक लिहिता येतात. त्यांस ५१२ ने गुणले, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात. ह्यालाच व्यवहारात १३७ गिगाबाइटांची मर्यादा म्हणतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीची पहिली आवृत्तीही ह्या मर्यादेत अडकलेली होती. २००२ साली तिच्यात सुधारणा करण्यात आली.

मर्यादा ओलांडली तर काय होते? एखाद्या टपाल कचेरीतील वहीत घरक्रमांकासाठी तीनच चौकटी छापलेल्या आहेत, अशी कल्पना करावी. गाव वाढले आणि १००५ क्रमांकाचे घर उभे राहिले. कारकुनाने शेवटचे तीन अंक तेवढे लिहिले, ००५. झाले! १००५ चे पत्र पाचव्या घरी जाऊन पडले. नेमके असेच डिस्कवर घडू शकते. मर्यादेपलीकडे लिहावयाची माहिती वळून डिस्कच्या आरंभी जाऊन पडते. तेथे तर संचालन प्रणालीच्या आणि साऱ्या नोंदींच्या जागा असतात! त्यांवर नवे लेखन झाले की जुने नाहीसे होते. विशेष हे की, डिस्क रिकामी असते तोवर सारे सुरळीत चालते. काही महिन्यांनी ती भरत आली, म्हणजे एके दिवशी संगणक अचानक कोसळतो. तोपर्यंत डिस्क बदलल्याची आठवणही कोणास राहिलेली नसते. अशीच दुसरी मर्यादा पुढे आली. डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत क्रमांकासाठी ३२ अंक असत. त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क सुमारे २.२ टेराबाइटांपर्यंतच वापरता येते. म्हणून नवी डिस्क घेण्यापूर्वी आपला संगणक आणि त्याची संचालन प्रणाली किती मोठी डिस्क ओळखू शकतात, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

तिसरे कारण नक्कल करताना उत्पन्न होते. जुन्या डिस्कवरील सर्व काही जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवता येते. परंतु जुन्या डिस्कवरील काही खण खराब झालेले असतील, तर तेथील अर्धवट माहितीही नकलेबरोबर येते. फाटक्या पोथीची नक्कल कितीही सुबक अक्षरात केली, तरी गहाळ झालेली ओवी तिच्यात कोठून येणार? अशा वेळी संचालन प्रणाली पुन्हा नव्याने बसवणे हाच उपाय असतो.

चौथे कारण विजेचे व उष्णतेचे आहे. संगणकाला वीज पुरवणारा डबा जुना झाला की त्यातील काही भाग क्षीण होतात. नेहमीच्या कामास तो पुरतो. पण काम वाढताच त्याचा दाब डळमळतो. विदर्भातील उन्हाळ्यात, धुळीने पंखा गुदमरलेला असता, संगणक अतिशय तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. हा दोष जुनाच असतो. डिस्क बदलण्याच्या सुमारास तो दिसला, म्हणून आळ डिस्कवर येतो.

पाचवे कारण मांडणीतील विसंगती. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलावयाचे, हे बायोसमध्ये ठरवून द्यावे लागते. ‘आयडीई’ ही जुनी पद्धत आणि ‘एएचसीआय’ ही नवी. संचालन प्रणाली एका पद्धतीत बसवली आणि मागाहून बायोसमध्ये दुसरी निवडली, तर प्रणालीला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होते आणि निळा पडदा उमटतो. हे कारण किती फसवे असू शकते, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

समजा, मानोरा तालुक्यातील एका शाळेत एक जुना संगणक आहे. मुलांनी गावातील आजीबाईंकडून ऐकून ध्वनिमुद्रित केलेली जात्यावरची गाणी त्याच्यात साठवलेली आहेत. त्या आजीबाईंपैकी काही आता हयात नाहीत. संगणक मंद झाला, म्हणून तंत्रज्ञाने त्यात एसएसडी बसवली, नव्या पद्धतीची मांडणी करून विंडोज नव्याने घातली आणि गाणी तिच्यात उतरवून दिली. दोन दिवस संगणक वाऱ्यासारखा चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबताच निळा पडदा! तंत्रज्ञाने दूरध्वनीवरून सांगितल्याप्रमाणे गुरुजींनी बायोस उघडले. मांडणी बदललेली दिसली. त्यांनी ती पूर्ववत केली. संगणक दिवसभर उत्तम चालला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रकार. “कोणीतरी मुलगा मुद्दाम मांडणी बदलतो,” असे लोक म्हणू लागले. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला संगणकावर बसलेल्या मुलावर संशय आला. तो बिचारा रडकुंडीस आला. कोणी म्हणाले, “सगळे पुसून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा.”

गुरुजींनी घाई केली नाही. त्यांनी सर्वप्रथम गाण्यांच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी करून ठेवल्या आणि जुनी डिस्क न पुसता कपाटात जपून ठेवली. मग एका मुलीच्या हाती कोरी वही देऊन ते म्हणाले, “जे दिसेल तेच लिही. जे वाटेल ते लिहू नकोस.”

पुढील आठवड्यात एका वेळी एकच गोष्ट तपासण्यात आली. सोमवारी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यातील माहिती वाचून पाहिली. सर्व ठीक होते. मंगळवारी केबल बदलली. बुधवारी सकाळी निळा पडदा आलाच. बुधवारी सायंकाळी रॅम तपासणारी आज्ञावली लावली आणि ती रात्रभर चालू ठेवली. रॅममध्ये दोष आढळला नाही. आणि आश्चर्य असे, की गुरुवारी सकाळी संगणक विनातक्रार सुरू झाला! सर्वांना वाटले, तपासणीनेच रोग बरा झाला. पण शुक्रवारी सकाळी निळा पडदा पुन्हा हजर.

मुलीने वही चाळली. “गुरुजी,” ती म्हणाली, “ज्या ज्या सकाळी संगणक अडला, त्या त्या सकाळी बायोसच्या पडद्यावर १ जानेवारी २००९ ही तारीख होती. गुरुवारी तारीख बरोबर होती. बुधवारी रात्री आपण भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले नव्हते.”

कोडे उलगडले. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. बाहेरची वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसमधील मांडणी जपतो. हा सेल केव्हाच संपलेला होता. रात्री मुख्य बटण बंद होताच संगणक आपली मांडणी विसरे आणि सकाळी कारखान्यात ठरवून दिलेली तारीख व तेव्हाचीच आयडीई पद्धत धारण करून बसे. मग जुन्या डिस्कवर हा दोष का दिसला नाही? कारण जुनी विंडोज त्याच आयडीई पद्धतीत बसवलेली होती. विस्मरण होऊनही दोहोंचे जमत असे. चुकत असे ती फक्त तारीख, आणि तिकडे कोणी लक्ष दिले नव्हते. दोष जुना होता. नव्या डिस्कने तो उत्पन्न केला नाही, केवळ उघडकीस आणला. थोड्या पैशांचा सेल बदलताच निळा पडदा नाहीसा झाला. गुरुजींनी आणखी आठ दिवस नोंदी करावयास लावल्या, आणि मगच सर्वांसमक्ष सांगितले, की कोणत्याही मुलाने संगणकाला हात लावलेला नव्हता.

ह्या उदाहरणात दोष शोधण्याची संपूर्ण रीत आलेली आहे. आधी माहिती सुरक्षित करावी, कारण डिस्क पुन्हा विकत मिळते, आजीबाईंचा आवाज मिळत नाही. बिघाड केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ह्या दोहोंची नोंद ठेवावी. पुष्कळदा न आलेला बिघाडच अधिक बोलका असतो. एका वेळी एकच बदल करावा. केबल, रॅम आणि सेल एकदम बदलले असते, तर संगणक सुधारला असता. पण कशाने सुधारला, हे कळले नसते. शंका आली की पूर्वीची स्थिती पुन्हा आणून पाहावी. आणि उपाय लागू पडल्यासारखा वाटला, तरी काही दिवस परीक्षा घ्यावी. गुरुवारच्या एका सकाळीवर विसंबून सारे स्वस्थ बसले असते, तर निर्दोष मुलावरील आळ तसाच राहिला असता.

संगणक उघडण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे. विजेची केबल आधी काढावी. शरीरावर साचलेल्या स्थिर विजेने नाजूक चकत्यांना इजा होते. म्हणून भाग हाताळण्यापूर्वी संगणकाच्या धातूच्या पेटीला स्पर्श करावा. वीज पुरवणारा डबा कदापि उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युत्भार शिल्लक असतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कही उघडू नये. धुळीचा एक कण तिचा नाश करावयास पुरे आहे.

प्रत्येक जुना संगणक वाचवावाच, असे मात्र नाही. जुन्या संचालन प्रणालींना सुरक्षेच्या नव्या सुधारणा मिळेनाशा होतात. विंडोज ७ ची सर्वसाधारण सेवा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ची ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. अशा संगणकांवर पुष्कळदा मोफत मिळणारे लिनक्स चालवता येते. मदरबोर्डच क्षीण झाला असेल, तर खर्च व्यर्थ जातो. तेव्हा तो संगणक उकिरड्यावर न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावा. त्यातील शिशासारखे पदार्थ माती आणि पाणी दूषित करतात. म्हणूनच ई-कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी भारत सरकारने केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. परंतु टाकण्याचा निर्णय तपासणीच्या शेवटी घ्यावयाचा असतो, आरंभी नव्हे.

जुने आणि नवे एकत्र आले की त्यांच्यात कुरबुर होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी जुन्याला टाकाऊ ठरवणे सोपे असते, नव्याला खोटे ठरवणे त्याहून सोपे असते, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला दोष देणे सर्वांत सोपे असते. अवघड असते ते शांतपणे बसून दोहोंमधील सांधा तपासणे. त्यासाठी फार मोठी हत्यारे लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा एवढे साहित्य जवळ असले, तर बरेचसे काम झालेले असते.